अंगणातलं घड्याळ

माझी मुलगी दहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. कंपनीने ती आधीच एकदा वाढवून दिली होती. आता कामावर या, नाही तर राहू द्या, असं साहेबांनी सरळ सांगितलं. नवरा घाटावरचा. सासूबाई तिकडे सांगलीला, दोन म्हशींत रमलेल्या. म्हशी सोडून नातीकडे येणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं दुःख मी अगदी बेताने केलं. उरली माझी आई. ती सातपाटीहून रोज पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसते. तिला फोन केला तर म्हणाली, "मी पोर सांभाळत बसली तर घर कोन चालवल? तुज्या बापाला घेऊन जा. रिकामाच हाय."

पुढच्या रविवारी ती बाबांना आणि सुक्या बोंबलांची एक पिशवी घेऊन आमच्या सरावलीच्या घरी आली. दोघांना ओट्यावर ठेवलं. "दोनी सुकलेलेच हाईत, घे ठेवून," म्हणाली आणि आल्या रिक्षाने परत गेली.

बाबा जन्मभर तांडेल होते, म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा तो माणूस. गुडघे गेले तेव्हा भावाने बोट हातात घेतली आणि बाबांना आता आराम करा म्हणून सांगितलं. तेव्हापासून ते बंदरावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीला सल्ले द्यायचे. हळूहळू लोक त्यांना टाळून पलीकडून जायला लागले. त्यामुळे नातीला सांभाळणं ही त्यांची दुसरी नोकरी होती. इथे जमलं नाही तर ते पुन्हा बंदरावर, आणि मी घरी. थोडक्यात आम्हा बाप-लेकीचं पोट एका दहा महिन्यांच्या बाईच्या हातात होतं, आणि तिला दात येत होते.

पहिल्या आठवड्यात बाबांनी अंगण ताब्यात घेतलं. अंगण म्हणजे घरापुढची हातरुमालाएवढी जागा, एक कढीपत्ता, दोन मिरच्या आणि नवऱ्याने हौसेने लावलेला, कधीही न फुललेला गुलाब. जमिनीवर बाबांचा पहिल्यापासून विश्वास नाही. त्यांनी सातपाटीहून जुनं जाळं मागवलं आणि अंगणाला चहूबाजूंनी असं ताणून बांधलं की पोरगी रस्त्यावर जाणार नाही आणि रस्त्यावरचं कुत्रं आत येणार नाही. पोस्टमनही येईना. ओट्याच्या आड्याला बोटीचा दोर टाकून, आईच्या लुगड्याची झोळी बांधली. कोपऱ्यात दुधीचं बी टाकलं आणि मासे धुतलेलं पाणी झाडांना घातलं. दोन महिन्यांत त्या जाळ्यावर दुधीचा वेल चढला आणि गुलाबाने जीव सोडला. नवऱ्याने दोन दिवस वेलाकडे पाहिलंही नाही, पण तिसऱ्या दिवशी दुधीची भाजी दोनदा मागून घेतली.

पोरगी खुशीत होती. बाबा तिला मांडीवर घेऊन भात-कालवण भरवायचे, शिव्या देत लंगोट बदलायचे, आणि त्या शिव्या तिला अंगाईसारख्या वाटायच्या. सगळं ठीक होतं. फक्त तिची झोप.

पहिले दोन-तीन दिवस ती रात्री जेवणं झाली की शहाण्यासारखी झोपली. मग हळूहळू तिची झोप पुढे सरकायला लागली. आज थोडी उशिरा, उद्या आणखी उशिरा, आठवडा भरेपर्यंत आमच्या घरात मध्यरात्री पोरगी टाळ्या वाजवत बसलेली आणि मी तिच्यासमोर डुलक्या घेत. मग काही दिवसांनी आपोआप पुन्हा ताळ्यावर यायची, मी सुटकेचा निःश्वास टाकायचे, आणि तिची गाडी पुन्हा घसरायची. डॉक्टर म्हणाले दात. शेजारीण म्हणाली नजर, आणि मीठ-मोहऱ्या घेऊन स्वतःच आली. नवरा म्हणाला तुझा मोबाईल. नवऱ्याच्या मते माझ्या मोबाईलने आमच्या घरातला पंखाही बंद पडतो.

मी औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. तिथे काट्यावर चिमूटभर पावडर मोजायची असते, श्वास सोडला तरी आकडा हलतो. एक दिवस मी त्या काट्यासमोर चक्क घोरले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पुन्हा दिसलं तर घरीच झोपा. नवऱ्याने त्या संध्याकाळी बोईसरच्या एका पाळणाघराची चौकशी करून ठेवली. "बाबांचं वय झालंय," तो म्हणाला. "त्यांनाही सुटल्यासारखं वाटेल." बाबांना सुटायचं नव्हतं हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी मी बरं म्हणाले.

त्याच आठवड्यात एकदा कंपनीत काही बिघाड झाला आणि आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले तर समोरच्या गल्लीत हळदीचा डीजे खिडक्यांची तावदानं हलवत होता, आणि माझी पोर झोळीत गाढ झोपलेली. सकाळपासून झोपलीय म्हणे. बाबा शेजारी पाय पसरून जाळ्याचं भोक शिवत बसलेले.

"बाबा, उठवा तिला. रात्री मंग मला खाते."

"आता नाय उठायची. पानी फिरायचा हाय अजून."

"कुठला पानी?"

बाबांनी मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "समिंदराचा. ओहोटी हाय आता. भरती लागली का आपसूक उठल."

मी तिथेच पायरीवर बसले. आणि सांगते, डीजे चालू होता तरी भरती लागल्याची खूण मला मिळाली, कारण बाबांनी सुई खाली ठेवली आणि त्याच मिनिटाला पोरीने डोळे उघडले.

सगळा उलगडा एका क्षणात झाला. बाबांची डोल जाळ्याची मासेमारी. पाणी वाहतं तोवर जाळं पाण्यात आणि माणसं आडवी, पाणी फिरायची वेळ झाली की उठून जाळं ओढायचं. भरती-ओहोटी रोज थोडी पुढे सरकते, तशी त्यांची झोपही जन्मभर सरकत राहिली. सरावलीतून समुद्र दिसत नाही, ऐकू येत नाही, वास आला तर कारखान्यांचा येतो. तरी ह्या माणसाच्या अंगात पाणी फिरत होतं, आणि त्याने माझी पोर त्या पाण्यावर सोडली होती. पंधरवड्याला तिची झोप ताळ्यावर का यायची तेही कळलं. तेवढे दिवस समुद्र आणि माझी कंपनी एकमेकांशी जुळवून घेत होते.

नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "कसला अडाणीपणा!" म्हणाला. हा माणूस तेव्हा नाईट शिफ्ट करून आलेला, डोळ्यांवर पंचा बांधून भर दुपारी झोपायच्या तयारीत होता. आदल्या आठवड्यात सेकंड, त्याच्या आधी फर्स्ट. कंपनीने माणसाची झोप दर आठवड्याला फिरवली तर ती शिफ्ट, आणि माझ्या बापाने फिरवली तर अडाणीपणा. मी त्याच्या डोळ्यांवरचा पंचा काढून घेतला आणि त्या दिवशी त्याला जेवायलाही वाढलं नाही.

पण राग कितीही आला तरी मला सकाळी कंपनीची बस पकडायची होती. बाबांना सांगायला गेले, की पोरीला रात्री झोपवा, दिवसा जागं ठेवा, असं नाही जमलं तर पाळणाघर बघितलंय. बाबा उठले आणि अंगणाचं जाळं सोडायला लागले. दुधीचा वेल तसाच, त्याच्यासकट.

"हे काय करता?"

"जातो. आयला फोन कर."

"जा कुठं म्हनलं मी?"

गाठ सुटेना. त्यांचीच मारलेली होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "घड्याळावर चालवायची होती तर आधी सांगायचा ना. मना काय म्हाइत?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोईसर स्टेशनजवळून मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणलं. बाबांनी ते ओट्याच्या खांबाला बोटीच्या दोराने बांधलं, वादळातही पडणार नाही असं. मग त्या माणसाने घड्याळावर पोर चालवली. दुपारी ती पेंगली की खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारायचे, दुधी दाखवायचे, मिरच्या दाखवायचे, समोर डीजे लागला की त्याला शिव्या घालायचे. गुडघे दुखायचे, पण बाबा थांबायचे नाहीत. पोरगी आठवडाभर रडली, मग नऊला झोपायला लागली. साहेबांनी मला शाबासकी दिली नाही, पण केबिनमध्ये बोलावणंही थांबलं. पाळणाघराचं नाव घरात कोणी पुन्हा काढलं नाही. बाबांची नोकरी राहिली, माझीही राहिली.

परवा रविवारी आई आली. जेवून रात्री राहिली, आणि पायरीवर मिश्री लावत तिने बाबांना विचारलं, "उद्या बोटी कवा लागतील?" सातपाटीला बोटी भरतीच्या पाण्यावर खाडीत येतात, आईचा सगळा धंदा त्यावर. हा प्रश्न ती लग्न झाल्यापासून विचारत आलीय, आणि बाबा तोंडातला घास न थांबवता, मान न वळवता उत्तर देत आलेत.

बाबांनी खांबावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग आज तिथी कुठली ते मला विचारलं, आणि बोटांवर मोजायला लागले. एकदा चुकले, पुन्हा सुरुवात केली.

आईचं मिश्रीचं बोट दातांवरच थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली. झोळीत पोरगी वेळेवर झोपली होती. त्या घड्याळाचा मला इतका राग आला की उठून ते खाली आपटावंसं वाटलं. पण सोमवार होता दुसऱ्या दिवशी. मी ते काढलं नाही.