उघाडीवरचा अर्धा तास

आमच्या पेणच्या कॉलेजात एक उपक्रम निघाला होता. कॉम्प्युटर फक्त सायन्सवाल्यांचाच का म्हणून? आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांनीही प्रोग्राम लिहावेत, आणि शिकवायला सर नकोत, आपल्यातलंच एखाद-दोन वर्षं पुढचं कुणी शेजारी बसावं. आर्ट्सकडून असं शेजारी बसून शिकवायला मी एकटीच तयार झाले. इतिहासाची, तिसऱ्या वर्षाची, निडीहून गाडीने येणारी. लॅबमधली सायन्सची मुलं मला 'शिवकालीन इंजिनीयर' म्हणायची. मीही हसायचे. न हसून करते काय?

दर शनिवारी दुपारी मी लॅब उघडून बसायचे. पहिला दीड महिना कुणी फिरकलं नाही. वर्गातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "तुला जमतं गो, आमचं डोकं नाय चालत तिथं," आणि बाजारात निघून जायच्या. मी पंख्याखाली एकटी डबा खायचे. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

मग पहिल्या वर्षाची एक मुलगी दारात उभी राहिली. धरमतर खाडीकडची, घरचे सगळे मिठागरात कामाला. "मना पन येल का गो ताई?" म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी माझीच खुर्ची तिला ओढून दिली. चार शनिवार ती आली. तिच्या डब्यातली सुकट आणि माझी वालाची उसळ आम्ही वाटून खाल्ली. शुक्रवारपासूनच मला शनिवारचे वेध लागायचे.

प्रोग्राम तिनेच निवडला, भरतीच्या वेळेचा. मिठागराच्या बांधाला दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की ती उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं. तिचे वडील पंचांगातली तिथी बघतात आणि तिला पाऊणने गुणतात. अष्टमी असली तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून सहाला भरती. तिने हे सगळं माझ्या मदतीशिवाय लिहिलं. फक्त शेवटच्या ओळीत अर्धा तास जास्तीचा मिळवला होता.

ती पाणी प्यायला बाहेर गेली होती. मी मोबाइलवर मुंबईची भरती पाहिली. तो अर्धा तास नसता तर जवळपास जुळत होतं. मी कीबोर्ड ओढला, ती ओळ खोडली, आणि हात लागलाच आहे तर वरच्या दोन ओळीही माझ्या पद्धतीने नीट केल्या. ती आल्यावर ऐटीत म्हटलं, "बघ, आता बरोबर झालं."

"बरा झाला," ती म्हणाली आणि वही पिशवीत टाकली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी पहिल्या वर्षाला असताना एका सायन्सच्या मुलाने "थांब, मी करतो" म्हणत माझ्या हातातला माउस काढून घेतला होता. नंतर सहा महिने मी लॅबचं तोंड पाहिलं नव्हतं. हे मला आता आठवलं. वरातीमागून घोडं!

शेवटी एसटी स्टँडवर ती दिसली. मी धावत जाऊन विचारलं, का येत नाहीस?

"मुंबईचा पानी खाडीत वर चढून आमचे उघाडीवर येतो, ताई. त्याला अर्धा तास लागतो. मना निस्ता इचारायचास तरी."

"चुकलं माझं. ती ओळ परत घालू की."

"आता त्या प्रोग्राममदी माजा काय हाय?" ती रागावून नाही, साधंच म्हणाली.

"या शनिवारी येशील?"

"बघते," ती म्हणाली. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणवत नसलं की माणूस 'बघते' म्हणतं. तिची गाडी लागली आणि ती चढली.

शनिवारी मी लॅब उघडली. संध्याकाळी लॅबच्या सरांनी हजेरीसाठी दारातूनच विचारलं, "आज कितीजण होते?"

"मीच," मी म्हटलं.