बेंजोचे तीन फेरे

केदारखेड्याच्या पुंजाराम मगरेला दोनच गोष्टी येत होत्या. सायकलीचं वाकडं चाक सरळ करणं आणि बेंजो वाजवणं. तिसरं काही येत नाही, असं त्याची बायको केशरबाई म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाजारात पाठवला तर कोथिंबीर विसरून यायचा. चारचौघांत बोलायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा बसायचा. पण साहेबराव गुरुजींच्या गायन पार्टीत त्याने मांडी घालून बेंजो समोर ओढला की भोकरदनपासून अंबडपर्यंतची माणसं बिडी विझवून सरसावून बसत.

बेंजो म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. लाकडी खोकं, त्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. पुंजारामचा बेंजो चाँदभाईंचा. हे चाँदभाई जालन्याच्या उरुसात येणाऱ्या एका कव्वाली पार्टीत वाजवायचे. पुंजाराम पोरसवदा असताना सलग चार उरूस त्यांच्यापुढे जाऊन बसला होता. पाचव्या उरुसात म्हाताऱ्याने बेंजो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. "ले जा बेटा. मेरे उंगल्यां अब सुनते नै." पुंजारामने ते वाद्य घरी आणलं आणि जन्मभर चाँदभाईंचं नाव घेतल्याशिवाय त्याला हात लावला नाही. तार तुटली तर सायकलीच्या ब्रेकच्या वायरीतला एक पदर सोडवून चढवायचा. आवाज थोडा चिरका यायचा, पण तो चिरकाच लोकांना आवडायला लागला.

साहेबराव गुरुजी शेजारच्या गावी शाळेवर होते. बाबासाहेबांवरची गाणी स्वतः लिहायचे, स्वतः चाल लावायचे, आणि गळा असा की शेवटच्या माणसापर्यंत शब्द न शब्द पोचायचा. ढोलकीला कचरू. बहात्तरच्या दुष्काळात हे तिघं एकाच कामावर खडी फोडायला होते. गुरुजी सकाळची शाळा सुटल्यावर हजेरीला यायचे, कारण पगार उशिरा आणि खाणारी तोंडं जास्त. दुपारच्या सुट्टीत गुरुजींनी एखादी ओळ म्हणावी, कचरूने घमेलं उपडं करून ठेका धरावा, आणि पुंजारामने तोंडानेच मधला पीस वाजवावा. भाकरी कमी आणि गाणं जास्त असे ते दिवस. पुंजाराम पुढे सांगायचा, "दुष्काळानं आमाला उपाशी ठिवलं, पर पार्टी बराबर जमवून देली." दुष्काळाचेही आभार मानणारा हा एकच माणूस मी पाहिला.

आता पार्टीची एक रीत सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. गाणं रंगात आलं की गर्दीत कुणीतरी हात वर करायचं. हात वर म्हणजे बक्षीस. गुरुजी असतील त्या ओळीवर थांबायचे, देणाऱ्याचं नाव, गाव, आईबापाचं नाव विचारून घ्यायचे आणि माइकवर सांगायचे. तेवढा वेळ गाणं मरू नये म्हणून पुंजाराम बेंजोवर फेरा धरायचा. चालीतलाच, पण दर वेळी निराळा. नाव सांगून झालं की गुरुजी कानाला बोट लावायचे, पुंजाराम समेवर आणून सोडायचा, आणि गाणं जिथं सुटलं तिथून पुढं. पाच-सहा वर्षांत यात एकदाही चूक झाली नव्हती. दोघांचा हा व्यवहार इतका अंगवळणी पडला होता की हात वर झाला की गुरुजींचा गळा थांबे आणि पुंजारामची बोटं सुटत. मधे डोक्याचं काही काम उरलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या आंबेडकर जयंतीला जालन्यात मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. त्याला गुरुजींचं पाटीचं गाणं आवडलं. मजुरी करणारी आई राखेने पाटी घासून लेकाला शाळेत धाडते, असं ते गाणं. कंपनीचा माणूस म्हणाला, "मुंबईला या. तबकडी काढू. वाजवणारे आमचेच असतात. तुम्ही एकट्याने यायचं."

गुरुजी म्हणाले, "कचरूला घरी म्हैस व्यायली हाये, तो तसाबी यायचा न्हाई. पर माहा बेंजो येईल."

"आमच्याकडे व्हायोलिन आहे."

"असू द्या की. बेंजोबी राहील."

 चाकाचे आरे आवळता आवळता पुंजाराम केशरबाईला म्हणाला, "गुरुजी माह्यासाठी हटून बसले. उद्या माह्याच पायी त्यायचं बिनसलं तर?"

केशरबाई म्हणाली, "अहो, त्यायनी तुमाला मागितलंय. मागितलेलं माणूस घरी बसत न्हाई. दशम्या बांधून देते. निघा."

मनमाडला गाडी बदलून दोघं मुंबईला पोचले. पुंजारामने बेंजो अख्ख्या प्रवासात मांडीवरून खाली ठेवला नाही. भायखळ्याला गुरुजींच्या मेहुण्याकडे उतरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या त्या खोलीत गेले, जिथं भिंतींना गाद्या लावल्या होत्या आणि काचेपलीकडे माणसं बसली होती. कंपनीचे म्युझिक मास्तर भला माणूस. त्यांनी पुंजारामला पाणी दिलं, बेंजो हातात घेऊन कौतुकाने पाहिला, आणि समजावून सांगितलं की तबकडीवर साडेतीनच मिनिटं मिळतात, मधले पीस व्हायोलिन वाजवणार, त्याने फक्त एकाच सुरावर तार छेडत राहायचं. पुंजारामने मान हलवली. त्याला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? वाटलं. पण आपण इथं बसलोय हेच गुरुजींमुळे, हे तो विसरला नव्हता. गुरुजींची तबकडी नीट व्हावी, एवढीच त्याची इच्छा होती.

गाण्याला तीन कडवी. तिसऱ्यात रिवाजाप्रमाणे गुरुजींचं नाव. आपल्याकडे गाणं कुणाचं हे शेवटच्या कडव्यावरून कळतं. ते कडवं गेलं की गाणं बिनमालकाचं.

दोनदा गाऊन झालं. एकदा तबलजीचा ठेका हलला, एकदा गुरुजींना ठसका लागला. तिसऱ्यांदा मात्र सुरेख जमलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, गुरुजी ध्रुपदावर आले, आणि काचेपलीकडच्या माणसाने वेळ संपत आली, आवरा, हे सांगायला हात वर केला.

गुरुजी थांबले.

हात वर झाला म्हणजे बक्षीस आलं! नशीब, "नाव काय, गाव कोणतं?" असं विचारलं नाही. कंपनीच्या वाजवणाऱ्यांच्या कागदावर हा थांबा नव्हता. व्हायोलिनवाल्याने गज खाली घेतला. तबलजी एकटा बिचारा ठेका धरून इकडे तिकडे बघायला लागला. आणि पुंजारामची बोटं सुटली.

पहिला फेरा वाजून झाला तेव्हा त्याला कळलं की आपण काय करून बसलो. समेवर येऊन त्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींचे डोळे मिटलेले, हात पाठीशी बांधलेले. कानाला बोट नाही. पार्टीचा नियम असा, की बोट लागल्याशिवाय सोडायचं नाही. त्याने दुसरा फेरा धरला, वरच्या पट्टीत. तरी बोट नाही. मग त्याने तिसरा वाजवला, आणि त्या तिसऱ्यात चाँदभाई आले, खडी फोडायचा माळ आला, त्याचं जे होतं नव्हतं ते सगळं आलं. तेव्हा कुठं गुरुजींनी बोट लावलं, ध्रुपद म्हटलं, आणि वेळ संपली. तिसरं कडवं राहून गेलं.

मास्तर बाहेर आले आणि गुरुजींना बाजूला घेऊन बोलले. पुंजाराम तिकडे पाहायलाही धजेना. तो फडक्याने बेंजो पुसत बसला. थोड्या वेळाने मास्तर हसत म्हणाले, "ओके झालं," आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. पुंजारामला वाटलं, नाइलाजाने ओके केलं असेल.

पुढच्या जयंतीआधी तबकडी आली, आणि मग काय विचारता! जालन्याच्या लाऊडस्पीकरवाल्यांनी ती झिजवून टाकली. लग्नातले बँडवाले तो बेंजोचा पीस क्लॅरिनेटवर काढायला लागले. पोरं रस्त्याने शीळ घालायची ती त्याचीच. लांबलांबची माणसं चाक दाखवायच्या निमित्ताने दुकानात येऊन, "तो बेंजोवाला तूच का?" असं विचारून जायची. केशरबाईने पहिल्यांदा तबकडी ऐकली, त्या दिवशी तिने पुरण घातलं. पुंजारामला सुख होतं, नाही असं नाही. पण दर शिळेसरशी काटा टोचायचा. माझे तीन फेरे तबकडीवर राहिले आणि ज्याने मला नेलं त्याचंच नाव गेलं.

ऐंशीच्या जयंतीला मंठ्यात कार्यक्रम होता. दुपारी मंडपात चहा पिताना एक कॉलेजातला पोरगा गुरुजींना म्हणाला, "तुम्ही ते रेकॉर्डातलं पाटीचं गाणं लय मस्त म्हणता. कुणाचं हाये हो ते?"

गुरुजी हसून म्हणाले, "आपल्या समद्याचंच हाये." पोरगा गेला.  सात-आठ वर्षांत जो माणूस आपणहून चार वाक्यं बोलला नव्हता, तो पुंजाराम तिथंच फुटला.

"गुरुजी, माहं चुकलं. म्या पहिल्याच फेऱ्याला थांबायला पायजे व्हतं. तुमचं कडवं माह्यापायी गेलं. दोन वरीस झाले, मला गोड लागून न्हाई राह्यलं."

गुरुजींनी कप खाली ठेवला. "तू कामून थांबशील? म्या बोट लावलं व्हतं का?"

"न्हाई."

"मंग?" गुरुजी म्हणाले. "हे बघ पुंजा, थांबलो तो चुकून. हात दिसला अन् गळा बंद झाला. ती चूक माही. पर पहिल्या फेऱ्याला मला समदं ध्यानात आल्तं. तवाच येऊ शकत व्हतो. म्या डोळे मिटून घेतले."

गुरुजी त्याच्याजवळ सरकले.

"मास्तर बाजूला घेऊन काय म्हणले, ठावं हाये? म्हणले, पुन्यांदा घेऊ, तुमचं नावाचं कडवं ऱ्हाऊन गेलं. म्या म्हणलं, बिलकुल न्हाई. हेच ठिवा."

"पर कामून, गुरुजी?"

"अरे, म्या कवी माणूस. कोणाचंबी नाव कडव्यात बसवतो. तुहं बसवायचा लई खटाटोप केला, खडीवर व्हतो तवापासून. तू काय कडव्यात बसना. मंग म्हणलं, कडवंच काढू."

 पुंजारामने गुरुजींचे पाय धरायला हात पुढे केला, गुरुजींनी तो वरच्यावर धरून ठेवला. "पाया पडायचं आपण सोडलंय. चल, माइक लावून राह्यलेत." त्या दुपारी पुंजारामने असं वाजवलं, की मंठ्याची माणसं अजून सांगतात. एवढं कुणी आपल्यासाठी करावं, असं आपल्यात काय होतं, हे त्याला पुढे जन्मभर कळलं नाही. पण न कळताही माणसाला कृतज्ञ राहता येतं, आणि पुंजाराम राहिला.

एक्याऐंशीला कंपनीने दुसऱ्या तबकडीसाठी बोलावलं. या वेळी निरोपातच होतं, बेंजोवाल्याला आणा. तीच गाद्यांची खोली, तेच मास्तर, गाणं मात्र नवं. व्हायोलिनवाला उठून पुंजारामला भेटला. मधला सगळा पीस आता बेंजोचाच होता. गुरुजींनी दोन कडवी म्हटली, ध्रुपदावर आले, आणि पाठीशी हात बांधून, डोळे मिटून उभे राहिले. हा काय प्रकार आहे ते पुंजारामने ओळखलं.

त्याने एक फेरा वाजवला. छोटा, नेटका. समेवर आणला आणि गुरुजींच्या बोटाची वाट न बघता तारांवर पंजा ठेवून आवाज बंद केला. गुरुजींनी डोळे उघडून त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू सायकल चोरताना धरलाय. पण तबला चालू होता, गाण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी तिसरं कडवं म्हटलं, आणि त्यात 'साहेबराव' हे नाव खणखणीत आलं.

काचेपलीकडून मास्तर धावत आले. "अरे भाऊ, लोक तुझ्या पीसची वाट बघतायत! अजून दोन फेरे घे. एवढ्यात काय होतं?"

गुरुजी म्हणाले, "हां मास्तर, पुन्यांदा घ्या. ह्याला सांजेपस्तोर वाजवता येतं."

पुंजारामने बेंजोवर फडकं टाकलं. गुरुजींकडे न बघता, अगदी गरीब तोंड करून मास्तरांना म्हणाला, "न्हाई साहेब. मला एवढंच येतं."