तिखटाच्या पाकिटावरची फुली

डाळ शिजत आली होती आणि चौथीतली प्रणाली किचनशेडच्या दारात उभी राहून रडत होती. किचनशेड म्हणजे शाळेच्या मागची पत्र्याची खोली. तिथे मी मुलांचं दुपारचं जेवण शिजवते. एकोणीस वर्षं झाली. गाव पवनी तालुक्यातलं आहे. नाव सांगत नाही, कारण यात माझं कौतुक कुठेच नाही.

"काहून रडून राहिली वं?" मी विचारलं.

"आजी, मले एक्स आला."

तिच्या सांगण्यातून जे कळलं ते असं. दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख मॅडम येणार होत्या. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर लक्ष ठेवणारा अधिकारी. त्यांना दाखवायला सरांनी भिंतीवर शब्द लावायचं काढलं होतं. प्रत्येक मुलानं इंग्रजी अक्षराची एक चिठ्ठी उचलायची आणि ते अक्षर ज्यात आहे असे तीन शब्द आणायचे. हातानं लिहिलेले नाहीत, छापलेले, कापून. बाकीच्यांना सोपी अक्षरं आली. हिच्या चिठ्ठीत एक्स निघाला. घरात पेपर येत नाही, पुस्तक कापू देत नाहीत.

"ज्याचे तीन नसन, तो उद्या मांगं बसन म्हणते सर."

"कसा राहते तुहा एक्स? दाखव."

तिनं चुलीजवळच्या राखेत बोटानं काढून दाखवला. फुली. मला हसू आलं. मी चौथी शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती, म्हणजे मी शाळा सोडली आणि मग इंग्रजी आली. पण ही फुली मी रोज पाहत होते. माझ्या खोलीतल्या अर्ध्या सामानावर ती होती.

"यवढ्यासाठी रडते? थांब," म्हटलं.

भांडी घासायच्या साबणाचा कागद काढला. त्यावर मोठ्या अक्षरात एक शब्द, पहिल्या अक्षराला लागूनच फुली. प्रणालीनं वाचला, एक्स्ट्रा. तेलाच्या रिकाम्या पिशवीवर किमतीच्या आधी एक छोटा शब्द होता, मॅक्स. दोन झाले. तिसरा तिखटाच्या पाकिटावर होता हे मला पक्कं माहीत होतं. चालू पाकीट तेलकट हातांनी मळलेलं होतं. मॅडमपुढे असलं काय ठेवायचं? म्हणून फळीवरच्या मागच्या रांगेत हात घातला आणि एक कोरं पाकीट काढलं.

ही मागची रांग माझा अभिमान होती. लहान मुलांना तिखट सोसत नाही, म्हणून मी हात आखडता ठेवते. दर वेळी पाकिटं उरतात. नवीन सामान आलं की जुनी मागे सारायची, नवीन पुढे लावायची, आणि पुढचं वापरायचं, कारण ते हाताशी येतं. सरांना मी अनेकदा सांगितलं होतं की माझ्याइतकी बचत तालुक्यात कोणी करत नसेल.

पाकीट फोडलं. तिखट डब्यात ओतलं, फेकायचं कशाला? पाकिटाची पट्टी कात्रीनं नीट कापली आणि भाताची खळ लावून प्रणालीच्या कागदावर स्वतःच्या हातानं चिकटवली. शब्द लांब होता. तिनं अक्षर-अक्षर जोडून वाचला, एक्स्पायरी. अर्थ तिलाही येत नव्हता, मलाही. सरांनी संध्याकाळी कागद पाहिला, तीन फुल्या मोजल्या, शाबास म्हणाले. मी सरांना ऐकवलं की शब्द शोधायला तुमच्या मोबाइलपेक्षा माझी फळी बरी, लवकर सापडतात. ते हसले. तो दिवस माझा होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. मी डाळ उतरवून भिंत पाहायला गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. प्रणाली पुढे उभी होती. एक्स्ट्रा वाचला, मॅक्स वाचला, एक्स्पायरी वाचला. मॅडम शाबास म्हणाल्या आणि वाकून पट्टी पाहू लागल्या. मला वाटलं, खळ कशी छान बसली ते पाहत असतील.

"ही पट्टी कुठली आहे बेटा?"

"आजीनं देली. किचनमधली हाय," प्रणालीनं ऐटीत सांगितलं.

मॅडम सरांकडे वळल्या आणि पट्टीवर बोट ठेवून बोलू लागल्या. त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. मुदत कधी संपते ते. शब्दाखाली बारीक आकड्यांत तारीख होती आणि ती तारीख जाऊन दोन महिने झाले होते.

पुढचा सगळा मामला किचनशेडमध्ये झाला. मॅडमनी मागची रांग खाली उतरवली. नऊ पाकिटं, नऊही मुदत गेलेली. माझी बचत. मग सामानाची नोंदवही मागवली. तिच्यात एक रकाना असतो, मुदत तपासली म्हणून. दर महिन्याला त्यात सही. वळणदार, माझी.

"तारीख कोण पाहतं?" मॅडमनी विचारलं.

"मावशी पाहतात," सर म्हणाले.

मी म्हटलं, "तुमीच म्हटलं होतं ना सर, इथं सही करा."

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"मावशी, वाचता येतं ना?"

"मराठी येते."

"पाकीट मराठीत आहे?"

"नाही."

"मग सही कशाची केली?"

मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. चप्पल घालून माझ्या खोलीत शिरलेल्या मास्तरांनाही मी बाहेर काढलं आहे. त्या दिवशी मी नोंदवही मिटून बाजूला ठेवली.

आणि गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, डाळ तयार होती, त्याच तिखटाची. मी म्हटलं, वास चांगला आहे, मी स्वतः वाटीभर खाऊन पाहिली, तिखट काय दूध आहे नासायला? मॅडमनी ऐकलं नाही. एक्केचाळीस पोरांची डाळ मागच्या खड्ड्यात गेली. मीच ओतली. पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती. नवीन डाळ शिजेपर्यंत तासावर वेळ गेला. तिच्यात नुसती हळद आणि मीठ. पहिल्या घासाला दुसरीतली एक पोरगी म्हणाली, "आजी, आज मस्त झाली." एकोणीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं.

मॅडमनी शेरेबुकात दोघांबद्दल लिहिलं. सरांना सांगितलं की रकान्यात यापुढे तुमची सही हवी. मला सांगितलं, पुढच्या महिन्यात येईन, तारीख वाचून दाखवा, नाहीतर हे काम बचत गटातल्या दुसऱ्या बाईला द्यावं लागेल. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण घरी जाऊन मी जेवले नाही. हे काम गेलं तर मी दिवसभर करणार काय? भांडायलासुद्धा कोणी नाही.

प्रणालीनं शिकवलं. रोज जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं. आधी फुली शोधायची. तिच्या अलीकडे तीन दातांचा कंगवा, पलीकडे पोट आलेली काठी. हे तीन दिसले की पुढचे आकडे वाचायचे. आकडे मला मोबाइलमुळे येत होते. आधी दिवस, मग महिना, मग साल. चुकले की ती म्हणायची, "आजी, मांगं बस." मी मागे बसायचे.

महिन्यानं मॅडम आल्या. चार पाकिटं पुढे ठेवली, चारही तारखा मी वाचल्या. त्या ठीक म्हणाल्या, जास्त काही नाही. सरांनी चहा-बिस्किट आणलं. माझा हात आपसूक पुड्याकडे गेला. उलटा केला, फुली शोधली, तारीख पाहिली.

"चांगले हायेत," मी मॅडमना सांगितलं, "खा."

तो कागद अजून भिंतीवर आहे. सरांना काढायचा होता, मी काढू दिला नाही. पुरावा माझा, खळ माझी. आता फळीवर जुनी पाकिटं पुढे असतात आणि नवी मागे. एवढं कळायला शाळा लागत नाही. मला लागली.