अकरावं कलम आणि दुसरी सही

वाफवाले, भाडेकरारात तुमचं खरं नाव मीच लिहिलं होतं. पण सगळी गल्ली वाफवाले म्हणायची, मीही तेच म्हणणार.

बावीस वर्षं माझ्या घराखालच्या गाळ्यात तुमची लाँड्री. कोळशाचा बॉयलर, हॉटेलच्या चादरी, हातांवर भाजल्याचे पांढरे डाग. चादर वाळली की नाही ते तुम्ही गालाला लावून सांगायचात. वहिनींबरोबर घडी घालताना दोघं जवळ यायचात, लांब जायचात, आणि तेवढ्यात भांडूनही घ्यायचात.

नव्या करारात अकरावं कलम मी घातलं. हवामानबदलावरचं वाचून वाचून माझं डोकं तापलं होतं. वर्षाच्या आत कोळसा बंद, बॉयलर विजेवर. त्यासाठी मोठा वीजजोड मालकीणबाई, म्हणजे मी, घेऊन देतील.

"हॉटेलनेही हेच लिहून घेतलंय," तुम्ही म्हणालात. "एक तारखेनंतर कोळशावरची चादर नको. दोन्हीकडून गळा धरलात की, बाई!"

"गळा नाही, कान धरलाय."

"धरा. पण तुमच्या वाटचं विसरू नका."

माझ्या शब्दावर तुम्ही जुना बॉयलर भंगारात काढलात आणि नवं मशीन आणलंत.

वीजजोडाच्या अर्जावर दोन मालकांच्या सह्या हव्या होत्या, माझी आणि धाकट्या भावाची. भावाशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते. तुम्हाला मात्र थाप मारत राहिले, "वीज कार्यालयात माणूसच जागेवर नसतो."

एक तारीख उलटली. मशीन मुकं. दोन इस्त्र्या लावल्या की फ्यूज उडायचा. वहिनी जिन्याच्या कठड्यावर चादरी वाळत घालत होत्या. हॉटेलची गाडी आली आणि रिकामी परत गेली.

"एक दिवस शेगडी पेटवा कोळशाची," मीच म्हटलं, लाज सोडून.

"सही केलीय, बाई."

"बघतंय कोण?"

"तुम्ही!"

शुक्रवारी तुम्ही स्वतः कार्यालयात जाऊन आलात. तिथे खरं कळलं: भावाच्या सहीअभावी अर्ज गेलाच नव्हता. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

"भाऊ राहतात कुठे?"

"बसने दोन थांबे."

"एवढंच? चला, मी येतो बरोबर. जिन्याखाली उभा राहीन, तोंडही दाखवणार नाही. हॉटेलने सोमवारपर्यंत थांबतो म्हटलंय. सही झाल्याचा कागद दाखवला की पुरे. नाहीतर बावीस वर्षं पाण्यात, बाई."

मी चपला घातल्या, दारापर्यंत आले, आणि म्हटलं, "उद्या नक्की." शनिवारी गुडघेदुखी पुढे केली. रविवारी तुम्ही दोनदा बेल वाजवलीत. मी आतल्या खोलीत पंखा बंद करून बसले, चाहूल लागू नये म्हणून.

सोमवारी हॉटेलने काम काढून घेतलं. महिनाअखेर तुम्ही दोघं गेलात. पत्ता दिला नाहीत, मी मागितलाही नाही. मागे राहिलेल्या मशीनवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे.

रविवारी तुम्ही कार्यालयातून आणलेला अर्ज दाराखालून आत सरकवला होतात. भावाच्या सहीच्या जागी पेन्सिलीची बारीक फुली, आणि कोपऱ्यात लिहिलेलं: "खाली थांबलोय."