धोंडीची आई, मुक्काम चेल्टनहॅम

लीड्सच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं रक्त तपासून शशिधरराव राजपूरकर निवृत्त झाले. त्यानंतर चार वर्षांनी त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई गेल्या. मुलगा क्षितिज दूर स्लाऊला. तो दर रविवारी फोन करतो, पण फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा जास्त गप्प होतं. घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून शशिधरराव मंगळवारी आणि शुक्रवारी बसने गावातल्या मोठ्या लायब्ररीत जाऊ लागले.

तिथे वरच्या मजल्यावर पूर्वज शोधणाऱ्यांची खोली आहे. कॉम्प्युटरवर जुन्या जनगणनेचे कागद जसेच्या तसे दिसतात. शशिधररावांच्या वयाची गोरी मंडळी तिथे आपापले खाणकामगार आणि विणकर आजोबा शोधत असतात. कुणाला सापडला की तो खुर्चीतल्या खुर्चीत ओरडतो आणि शेजारचे उठून बघायला जातात. शशिधरराव उठत नसत. त्यांना वाटे, आपण गेलो तर ते विचारतील, तुमचं कोण हो या कागदांत?

आणि त्यांचं होतं. निदान वाईच्या चंदाआत्याचं म्हणणं तसं होतं.

चंदाआत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण, वय एकोणनव्वद. त्या पिढीतली ती एकटीच उरलेली. तिच्या वडिलांना, म्हणजे शशिधररावांच्या आजोबांना, पाच वर्षांचं सोडून त्यांची आई एका साहेबाच्या मुलांना सांभाळायला आया म्हणून आगबोटीने विलायतेला गेली. नाव सखू, गाव पाचगणी, कपाळ पांढरं. दोन वर्षांत येते म्हणाली ती आलीच नाही. पत्र नाही, निरोप नाही. मुलगा मामाकडे वाढला. पितृपक्षात बापाचं पान वाढलं की बायको दबक्या आवाजात विचारायची, "आणि सासूबाईंचं?" आजोबा म्हणायचे, "जिनं जिवंतपणी मला वाढलं नाही, तिला मी मेल्यावर वाढू?" ते गेले तरी घरात तो नेम मोडला नाही.

"मला एवढंच कळू दे शशी," आत्या फोनवर म्हणायची, "ती बाबांना विसरली होती का? विसरली असली तर बाबा बरोबर. नसली तर आमच्या हातून शंभर वर्षं पाप झालं. मी जायच्या आत सांग म्हणजे झालं."

दोन हिवाळे शशिधररावांनी राजपूरकर हे आडनाव शोधलं. एकोणीसशे अकराची जनगणना, मग एकवीसची. एक राजपूरकर सापडेल तर शपथ. क्षितिजला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, तुमची आजोबाचा आई ना? पण व्हॉट विल यू डू विथ इट? शी इज गॉन एनीवे."

"हो, ते आहेच," शशिधरराव म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला. त्यांनाही कधी कधी तसंच वाटे. आयुष्यभर दुसऱ्यांनी पाठवलेल्या नळ्यांवरची नावं वाचण्यापलीकडे आपल्याला काय येतं?

फेब्रुवारीत त्यांनी आत्याला कबुली दिली. "नाही सापडत गं. राजपूरकर नावाची एकही बाई नाही."

"राजपूरकर कुठून असेल?" आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"अरे, राजपुरीला मामाकडे असताना बाबांना शाळेत घातलं. मास्तरांनी विचारलं आडनाव काय, मामाला सांगता येईना. मग मास्तरांनीच गावाचं नाव लावून टाकलं. ती बिचारी तोवर बोटीत बसून गेली होती की!"

"आत्या, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? एवढा शिकलेला तू, मला वाटलं तुला ठाऊक असेल."

शशिधररावांना हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. दोन हिवाळे ते अशा नावाने बाईला हाका मारत होते, जे तिने कधी ऐकलंच नव्हतं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी आडनावाचा रकाना रिकामा सोडला. धंदा आया, जन्म हिंदुस्थान, एवढंच घातलं. यादी बरीच लांब निघाली. बऱ्याच जणींना नावच नव्हतं, नुसतंच 'आया'. तिसऱ्या शुक्रवारी चेल्टनहॅमच्या एका घराचा कागद उघडला. सन एकोणीसशे अकरा. घरमालकाने स्वतःच्या हाताने भरलेला. साहेब, मडम, दोन मुली, स्वयंपाकीण आणि सगळ्यांत खाली: सखू, नोकर, विधवा, वय अठ्ठावीस, आया, जन्म पाचगणी, मुंबई इलाखा.

शशिधररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओरडावंसं वाटलं, पण जमलं नाही. शिवाय पाचगणीत सखू काय थोड्या असतील? हीच कशावरून?

मग त्यांना दिसलं की तिच्या ओळीवर मधेच तांबड्या शाईची रेघ मारली आहे. लायब्ररीतली जॅनेट जवळून जात होती. त्यांनी धीर करून तिला थांबवलं आणि रेघ दाखवली.

"ते मुलांचे रकाने आहेत," जॅनेट म्हणाली. "किती जन्मली, किती हयात, किती गेली. फक्त सवाष्ण बायकांनी भरायचे होते. ही विधवा. मालकाने चुकून भरलं, म्हणून तपासणाऱ्याने खोडलं. पण रेघेखालचं वाचता येतंय बघा."

येत होतं. जन्मली तीन. हयात एक. गेली दोन.

शशिधररावांनी कोट उचलला आणि जिन्याखालच्या बाकावर येऊन वाईला फोन लावला.

"आत्या, आजोबांच्या आधी कुणी भावंडं झाली होती का?"

"झाली म्हणजे? दोन झाली नि दोन्ही गेली. म्हणून तर तिसऱ्याचं नाव धोंडी ठेवलं. धोंड्याला कोण उचलून नेतंय, म्हणून. तुला आजोबांच्या नावाचा अर्थ आज विचारावासा वाटला होय?"

शशिधररावांनी तिला सगळं वाचून दाखवलं. साहेबाने विचारलं असणार, तुला मुलं किती? तिला काहीच बोलायची गरज नव्हती. तो रकाना तिच्यासाठी नव्हताच. तरी तिने सांगितलं, कदाचित बोटांवर मोजून दाखवलं, की तीन झाली, दोन गेली, एक आहे.

पलीकडे आत्याने पंखा बंद केला.

"हयात एक म्हणाली?" आत्याने विचारलं.

"हो."

"मग आली का नाही परत?"

"ते कागदात नाही गं आत्या. दहा वर्षांनंतरच्या जनगणनेत ती कुठेच सापडत नाही. त्याच्या पुढच्या वेळचे कागद तर आगीतच गेले."

"मेली असेल," आत्या म्हणाली. "नाहीतर आली असती." आणि मग तिने नाक ओढलं. "शशी, आता तिचं पान वाढायचं."

"वाढा की. तुझ्या यतीनला सांग, तो करेल सगळं."

"यतीन इथे करून काय उपयोग? ती तिकडेच राहिली. तिथे तिचं म्हणून तूच एक आहेस. सर्वपित्रीला तू वाढ."

"अगं, मला यातलं काही येत नाही. घरचं सगळं प्रमोदिनी बघायची."

"भात लावता येतो ना? मग झालं. उगाच मागे सरू नकोस."

सप्टेंबरातल्या अमावास्येला शशिधररावांनी भात, वरण, भेंडीची भाजी केली. आमसुलाची चटणी वाटली. चमच्याने ढवळत असतानाही खीर दोनदा पातेल्याला लागली. केळीचं पान आणायला कुठे जायचं ते कळेना, तेव्हा स्टीलचं ताट घेतलं आणि मागच्या दारी गवतावर पाट ठेवून त्यावर मांडलं. मंत्र येत नव्हते. 'सखूबाई, जेवा,' एवढंच म्हणाले, तेही हळू, कारण शेजारचे कपडे वाळत घालत होते. मग आत जाऊन स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि दार उघडं ठेवून जेवले. वारा गार होता. जेवण होईपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलं नाही. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये.

हात धुवून त्यांनी फोन लावला.

"वाढलंस?"

"वाढलं."

"खीर केलीस?"

"तांदळाची केली. पण गुठळ्या झाल्या गं."

"होऊ देत," आत्या म्हणाली. "नाहीतरी तिला आणखी कोण करून घालणार होतं?"