आत्यांचं सोयीचं बहिरेपण

दारात आलेल्याला आग्रह न करता उपाशी उठवील अशी बाई साऱ्या मराठवाड्यात शोधून सापडायची नाही. आमच्या खानावळीच्या आत्या मात्र उठवायच्या, आणि वर त्याचं त्यांना काहीच वाटायचं नाही. आताच्या संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्यातल्या एका बोळाच्या टोकाला त्यांच्या दोन खोल्या आणि वर माळवद. तिथं आम्ही खेड्यापाड्यांतल्या सातआठ मुली राहायचो, शिकायचो आणि आत्यांची बोलणी खायचो. कुणाचा बाप गेलेला, कुणाचं शेत जायकवाडीच्या पाण्याखाली, कुणी आश्रमशाळेत वाढलेली. मागून मिळतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. दुसरी एखादी बाई असती तर पोटाशी धरून म्हणाली असती, 'खा गं बाई, लाजू नको.' आत्या पहिली भाकरी वाढायच्या आणि चुलीकडं तोंड करून बसायच्या. दुसरी हवी तर मागायची, तीही खणखणीत आवाजात. हळू मागितली की पाठमोऱ्याच म्हणायच्या, "काय? ऐकू आलं नाही." त्यांना कमी ऐकू येतं म्हणे! शेजारणीचं दूध उतू जायला लागलं तर भिंतीपलीकडून यांना आधी कळायचं. बहिरेपण होतं ते फक्त हळू बोलणाऱ्यांपुरतं.

माझं गाव धरणात गेलं, नव्या गावठाणात आमच्या वाट्याला माळ आला, आणि मी डी.एड. करायला आत्यांकडं आले. पहिले काही दिवस एका भाकरीवर उठत होते. पोटात कावळे ओरडत होते, पण मी कसली ओरडते! शेवटी एका दुपारी भूक अगदी अनावर झाली आणि "भाकरी!" असं किंचाळले की बोळात झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. आत्या शांतपणे वळल्या. "हात्तिच्या! हे आधी सांगायचं की. मला वाटलं, तुझं पोट भरतंय. माझ्या घरात तकल्लुफ चालायचा नाही, बरं का." तकल्लुफ, म्हणजे उगाचचा संकोच, ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी. त्यांचे वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर कचेरीतली उर्दू गेली, पण आत्यांच्या तोंडातली काही गेली नाही.

भाकरी मागता यायला लागली की पुढचा धडा शहागंजच्या मंडईत. नव्या मुलीच्या हातात चांगली ताजी वांगी द्यायची आणि सांगायचं, "जा, किडकी आहेत म्हणून बदलून आण." भाजीवाले चाचा म्हणजे पांढऱ्या दाढीचे, दिसायला भारी कडक. वांगं उन्हात धरून विचारायचे, "किधर है कीड़ा? दिखाओ मेरेकू!" मी म्हणाले, "आत... आत असेल." ते म्हणाले, "तुम अंदर जाके देखे क्या?" मग मात्र मला असा काही राग आला की मी मराठी-हिंदीची खिचडी करून त्यांच्याशी कडाकडा भांडले, आणि वांगी बदलून घेऊन विजयी मुद्रेनं परतले. वर्षभरानं मी एकटीच मंडईत गेले होते, तेव्हा चाचांनी हसत विचारलं, "क्या बेटी, इस साल नवी छोकरी नै भेजे आपा?" दोघं आधीपासून सामील होती, चोर कुठली!

रडण्याचंही तसंच. मुळुमुळु रडलेलं त्यांना खपत नसे. "रडायचं तर माळवदावर जा, मोकळ्यानं रड. इथं पिठात टिपं गाळू नको." पहिल्या दिवाळीला मला घरी जायला जमलं नाही, तेव्हा मी वर जाऊन गळा काढला. थोड्या वेळानं आत्याही वर आल्या, शेजारी बसल्या आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागल्या. मी माझं रडणं विसरून त्यांचीच समजूत घालत बसले. कशासाठी रडल्या ते त्यांनी सांगितलं नाही. डोळे पुसून म्हणाल्या, "चल, करंज्या जळतील."

आणि मग एका रविवारी दादा आला. माझा थोरला भाऊ, चिकलठाण्याला कारखान्यात लागलेला, जिवाला जीव देणारा. गावाकडं वहिनी बाळंत व्हायची होती, घरात करायला दुसरं बाईमाणूस नव्हतं. पंगतीत माझ्या शेजारी बसून तो म्हणाला, "वर्षाचाच तर सवाल हाय, बाय. शिक्षण कुठं पळून चाललंय? सामान बांध." असं वर्षासाठी घरी गेलेली एकही मुलगी परत आलेली मी पाहिली नव्हती. मी आत्यांकडं बघितलं. त्या वरण ढवळत होत्या. मी पुटपुटले, "आत्या, सांगा ना याला काहीतरी."

"काय? ऐकू आलं नाही."

अस्सा संताप आला मला! इकडं दादाची भाकरी कधीच संपली होती. तो बिचारा कोरड्या ताटावर बोटं फिरवत बसला होता. तोही आमच्याच घरातला, मागणार कसा? त्याच्याकडं बघून मला गलबलून आलं आणि मी एका दमात ओरडले, "आत्या, दादाला भाकरी वाढा! आणि दादा, मी यायची नाय! मला मास्तरीण व्हायचंय!"

आत्या उठल्या, दादाच्या ताटात गरम भाकरी घातली, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाल्या, "आता कसं स्वच्छ ऐकू आलं." दादानं खाली मान घालून भाकरी संपवली. मग म्हणाला, "सासूबाईला इचारून बघतो. फर्दापूरला एकट्याच असत्यात." पुढं कळलं, त्या बाई कुणी बोलावतंय का याचीच वाट बघत बसल्या होत्या.

मी मास्तरीण झाले, पैठणला नोकरी लागली, खानावळ बंद झाली. आत्यांना मात्र आता खरंच ऐकू येत नव्हतं. शेवटची भेटायला गेले तेव्हा कानाशी ओरडूनही निम्मं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. एसटीची वेळ झाली म्हणून मी पाया पडायला वाकले, तेव्हा त्या इतक्या हळू बोलल्या की ओठांकडं बघूनच मला कळलं.

"आज राहतेस का गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडं काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. 'काय? ऐकू आलं नाही' असं म्हणून त्यांची जिरवायची याहून चांगली संधी मला कधी मिळाली नसती. पण माझी जीभच वळेना. मी पिशवी खाली ठेवली. संध्याकाळी भाकऱ्या मी थापल्या, आणि पहिली संपायच्या आत दुसरी, त्यांनी न मागता, त्यांच्या ताटात वाढली. त्या नको नको म्हणाल्या, आणि सगळी खाल्ली.