रनिंग बॅकला विश्रांती द्या

मला फुटबॉल आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यातून अमेरिकन फुटबॉल तर नाहीच नाही. त्यात बॉलला पाय क्वचित लागतो, बॉल गोल नसतो, आणि चार पावलं पळून झाली की सगळे थांबून घोळका करून पुन्हा मीटिंग घेतात. तरीही दुबईत मंदी आली त्यानंतरच्या वर्षी, सबंध सीझनभर मी हा खेळ पाहिला आणि एकदा त्यावरून तावातावाने भांडलेही. एका माणसासाठी भांडतेय असं तेव्हा मला वाटत होतं.

आमची बांधकामाची कंपनी. मी प्लॅनिंगला, म्हणजे कुठलं काम कधी संपणार याचे तक्ते करायचे. मंदीत अर्ध्या साइट्स बंद पडल्या होत्या, त्यामुळे कुठलंच काम कधी संपणार नव्हतं, पण तक्ते दर आठवड्याला नवे लागायचे. दर गुरुवारी कुणाला तरी एचआरचं बोलावणं यायचं आणि शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडलं की त्याची खुर्ची रिकामी दिसायची. कुणी काही विचारत नसे. सगळे कीबोर्डवर जरा जोरात बोटं आपटायचे, एवढंच.

आमचा साहेब अमेरिकन. माणूस वाईट नव्हता, पण फुटबॉलवेडा. त्याच्या गावच्या टीमची रविवारची मॅच तो रेकॉर्ड करून ठेवायचा आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मीटिंग रूममध्ये लावायचा. आधी दोघे-तिघे बसायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मॅचला बसणाऱ्यांपैकी अजून कुणाचीही नोकरी गेलेली नाही. झालं! पुढच्या सोमवारी खुर्ची मिळेना. मीही डबा घेऊन जाऊन बसायला लागले. नवरा म्हणाला, "सोमवार धरलेस वाटतं?" मी म्हटलं, "हो, आणि उद्यापनाला तुला बोलावते." लेक मात्र टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "आई, डू यू ईव्हन नो द रूल्स?"

मला दोनच रूल्स कळले होते आणि तेवढे पुरले. एक असतो रनिंग बॅक. त्याच्या पोटाशी बॉल देतात आणि समोरच्या धिप्पाड माणसांच्या गर्दीत त्याला घुसवतात. तो आपटला की उठवतात, पुन्हा घुसवतात. दुसरा क्वार्टरबॅक. तो मागे उभा राहून ठरवतो की आता बॉल कुणाकडे जाणार. त्याच्या हातून बॉल सुटल्यावर त्याला कुणी धक्का मारला, तर पंच पिवळा रुमाल फेकतो आणि पंधरा यार्डांचा दंड होतो, म्हणजे धक्का मारणाऱ्यांना तेवढं मागे हटावं लागतं.

अकाउंट्सला एक पुणेकर होता, त्याला हा दुसरा नियम अजिबात मान्य नव्हता. "बाकीच्यांचे गुडघे मोडले तरी चालतात, आणि याला नुसता हात लागला की दंड? हा काय सोवळ्यात आहे?" हे त्याने साहेबालाच इंग्रजीत विचारलं. सोवळ्याचं इंग्रजी करताना त्याची जी तारांबळ उडाली, त्यावर साहेब इतका खूश झाला की त्याने तो नियम ऑफिसातच लागू केला. पॅन्ट्रीतलं एक पिवळं फडकं त्याने खिशात ठेवलं. साहेबाने निर्णय सांगितल्यावर कुणी "पण सर" म्हटलं, की फडकं टेबलावर पडायचं. पेनल्टी! मग त्या माणसाने आपली खुर्ची मागे सरकवायची. पुणेकराला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. एका मीटिंगमध्ये तो सरकत सरकत दाराबाहेर गेला आणि शेवटचा अर्धा तास पॅन्ट्रीतून मोठ्याने बोलत होता. हसू नका, त्या दिवसांत आम्हाला हे अगदी रीतसर वाटायचं.

आता मुद्द्याचा माणूस. आमच्याकडे चार ड्राफ्ट्समन होते. तीन गेले, एक उरला. गुहागरकडचा, चाळिशीचा, मला ताई म्हणायचा. चौघांची सगळी ड्रॉइंग्ज आता त्याच्या एकट्याच्या अंगावर पडली. साइटला काही बदललं, पाठवा त्याच्याकडे. क्लायंटने काही बदललं, पाठवा त्याच्याकडे. त्याचं मनगट सुजलं होतं, त्यावर तो पट्टा बांधून काम करायचा. सोमवारच्या मॅचला तो कधी आला नाही. त्याला जेवायलाच वेळ नव्हता.

एकदा त्याने मला एक प्रिंट दाखवली. मला वाटलं, कुठल्या तरी टॉवरचा मजला असेल. पाहते तर एक खोली. पलंग, कपाट, गॅस, खिडकीशी शिलाई मशीन, सगळं मिलिमीटरमध्ये. कोपऱ्यात चौकट, आणि चौकटीत 'रिव्हिजन सात'. "ही करामात घेतोय ती खोली ताई. शेअरिंग आहे, पण दार आपलं आपल्याला आहे. नऊ वर्षं बेडस्पेसमध्ये काढली, दुसऱ्यांच्या खोलीत नुसत्या एका खाटेवर. आता फेब्रुवारीत बायको येतेय. व्हिसाचे कागद तयार केलेत."

"सात रिव्हिजन्स?" मी विचारलं.

"ती फोनवर म्हणते, मशीन उजेडाकडे पाहिजे. मग पलंग फिरतो, मग कपाटाचं दार अडतं." त्याला हसू आलं. "क्लायंट कडक आहे."

मला इतकं भरून आलं, की मी ठरवलं, याच्यासाठी साहेबाशी बोलायचं. याला एक मदतनीस मिळालाच पाहिजे, नाहीतर फेब्रुवारीच्या आतच हा माणूस मोडेल.

पण बोलणार कशी? सरळ जाऊन सांगायचं ही आमच्या घरची पद्धतच नाही. आईला बाबांच्या सिगरेटबद्दल बोलायचं असलं, की ती शेजारच्या काकांच्या खोकल्याबद्दल बोलायची. लेकी बोले सुने लागे, या शाळेत मी शिकलेली. शिवाय साहेबाच्या खिशात फडकं होतंच. तेव्हा मी म्हटलं, आपण रनिंग बॅकबद्दल बोलावं. शहाणा माणूस आहे, समजेल.

आणि त्या सोमवारी विषय आपणहून निघाला. साहेबाच्या टीमने रनिंग बॅकला तीस वेळा बॉल दिला होता. पुणेकर म्हणाला, "चालतोय ना? मग चालवायचा. जिंकतोय तोवर त्यालाच द्यायचा बॉल."

मी डबा बाजूला ठेवून उभी राहिले. "डोंबल जिंकतोय! कबड्डीत एकाच गड्याला तीस चढाया करायला लावा, एकतिसाव्या चढाईला तो मध्यरेषेवरच आडवा होईल. माणूस आहे की मालगाडी? दिसत नाही का तुम्हाला, तो कसा उठतोय ते? त्याला विश्रांती द्या! बसवा बाहेर थोडे दिवस, भार दुसऱ्यांना वाटून द्या, नाहीतर हा सीझन संपायच्या आत संपेल!" इंग्रजीत सुरू केलेलं हिंदीत गेलं आणि शेवटी मराठीत संपलं. पुणेकराने बिचाऱ्याने राहिलेलं भाषांतर करून दिलं. खोलीत टाळ्या पडल्या. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मी मनात म्हटलं, जिंकलीस गं बाई! घरी जाऊन शिरा केला.

गुरुवारी ड्राफ्ट्समनला एचआरचं बोलावणं आलं. तीन महिन्यांची बिनपगारी रजा, गरज पडली तर परत बोलावू. 'गरज पडली तर'चा अर्थ गल्फमध्ये लहान मुलालाही कळतो.

मी तशीच साहेबाच्या केबिनमध्ये घुसले. दार वाजवायचं भानही राहिलं नाही. "हे काय केलंत तुम्ही?"

तो गोंधळला. "तूच तर म्हणालीस. बसवा बाहेर, विश्रांती द्या."

"मी फुटबॉलबद्दल बोलत होते!"

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "तू त्याच्याबद्दल बोलत होतीस. सगळ्या खोलीला ते कळलं."

म्हणजे कळलं होतं. माझं सगळं बरोबर पोहोचलं होतं. मी म्हटलं, "हो, पण मला म्हणायचं होतं की त्याला मदतीला माणूस द्या."

"मदतीला?" तो हसला नाही. "मला वरून या महिन्यात एक नाव मागितलं होतं. तुझं किंवा त्याचं. तीन आठवडे मला ठरवता येत नव्हतं. मग तू सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि त्याचं नाव दिलंस, कारणासकट. मला वाटलं, तुला यादीचं कुठून तरी कळलंय." मग म्हणाला, "तुझा राग नाही मला. मीही असाच लढलो असतो."

मी खुर्चीवर बसले. आता तरी सरळ बोलायची वेळ होती. एकच वाक्य बोलायचं होतं, मग माझं नाव द्या. माझ्या नवऱ्याची नोकरी शाबूत होती. माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर होता, आमचं अल मनखूलचं घर त्याच्या कंपनीचं होतं, लेकीची शाळा चालू राहिली असती. माझं काय अडणार होतं? घरी बसावं लागलं असतं, बस्स. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं. तोंडातून शब्द निघाले ते असे, "या रविवारी मॅच कुणाशी आहे?"

त्याने सांगितलं. मी "अच्छा" म्हटलं आणि बाहेर आले. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

ड्राफ्ट्समन टेबल आवरत होता. मला बघून उठून उभा राहिला. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, मला समजलं हां सगळं," तो म्हणाला. "भर मीटिंगमध्ये माझ्यासाठी भांडलात तुम्ही. बाकीच्यांना सरळ काढलं, मला निदान रजा तरी म्हणाले. ते तुमच्यामुळे."

मी त्याच्या टेबलावरची पेनं गोळा करून त्याला देऊ लागले.

"फक्त साहेबांना एक सांगाल? मी दमलो नव्हतो. हात दुखत होता, पण दमलो नव्हतो. त्यांना तसं वाटलं असेल. ते कळलं, तर कदाचित फेब्रुवारीच्या आत बोलावतील परत. इन्शाल्ला."

"सांगते," मी म्हटलं.

सोमवारी मी डबा घेऊन साहेबाच्या शेजारी बसले. त्याच्या टीमने रनिंग बॅकला खरंच बाहेर बसवलं होतं. साहेब म्हणाला, "बघ, तुझं ऐकलं त्यांनी!" सगळे हसले, पुणेकरही हसला, आणि मीही हसले. फेब्रुवारी आला आणि गेला. करामाची खोली दुसऱ्या कुणीतरी घेतली. त्या साहेबाच्या हाताखाली मी आणखी चार वर्षं काम केलं, जवळजवळ रोज त्याच्याशी बोलले, पण तो माणूस दमला नव्हता हे काही त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर टेबलावर पुन्हा दोन नावं आली असती.